प्रायश्चित्त : पश्चात्तापापासून भरपाईपर्यंत

राखेचा बुधवार हा मिस्साबलिदानाचा सक्तीचा दिवस नाही. तरीही त्या दिवशी आपल्या उपनगरांतील चर्च पहाटेपासून रात्रीपर्यंत भरलेली असतात. कामावर निघालेले भाविक कपाळावर राख घेऊन अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या स्थानकांवर गाडीची वाट पाहताना दिसतात. शेजारचा अन्यधर्मीय सहप्रवासी कुतूहलाने त्या राखेविषयी विचारतो आणि आपल्यापैकी बहुतेक जण "आजपासून आमचा उपवास सुरू झाला" एवढेच उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे.

प्रायश्चित्तकाळ जवळ आला की आमच्याकडे दरवर्षी काही ठरावीक प्रश्न येतात. मटण वर्ज्य करावे की मासेही? मधुमेह असलेल्याने उपवास करावा का? वर्षातून किती वेळा पापनिवेदन करावे? या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. मात्र एक प्रश्न फारच क्वचित विचारला जातो : "मी कोणाचे काही देणे लागतो का?" प्रायश्चित्ताची खरी कसोटी याच प्रश्नात आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून या विषयाची सांगोपांग माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शब्दांचा अर्थ

जुन्या करारातील संदेष्टे पश्चात्तापासाठी 'शूब' हे हिब्रू क्रियापद वापरतात. त्याचा साधा अर्थ 'परत फिरणे' असा आहे. चुकीच्या रस्त्याने गेलेला वाटसरू मागे वळतो, तसे देवाकडे वळणे. नव्या करारातील 'मेटानोइया' हा ग्रीक शब्द मनाच्या, विचारांच्या परिवर्तनाकडे बोट दाखवतो. दोन्ही अर्थ एकत्र घेतले म्हणजे ध्यानात येते की, पश्चात्ताप ही केवळ भावना नव्हे. मन बदलते आणि त्याबरोबर पावलांची दिशाही बदलते.

आपल्या मराठीने यासाठी दोन सुंदर शब्द दिले आहेत. 'पश्चात्ताप' म्हणजे कृत्य घडून गेल्यानंतर मनाला होणारा ताप. 'प्रायश्चित्त' या शब्दाची फोड जुन्या धर्मशास्त्रकारांनी 'प्राय' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय अशी केली आहे. पहिल्या शब्दात दुःख आहे, दुसऱ्यात त्या दुःखातून उपजलेला निर्धार आणि परिश्रम आहेत. पहिल्यावर थांबणारे अनेक असतात, दुसऱ्यापर्यंत पोहोचणारे थोडे. यहूदालाही पश्चात्ताप झाला आणि पेत्रालाही झाला. पेत्राने आपले अश्रू प्रभूकडे नेले आणि पुढचे सारे आयुष्य त्याच्या कळपासाठी वेचले.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात

आरंभीच्या शतकांत धर्मत्याग, मनुष्यवध, व्यभिचार अशा गंभीर पापांसाठी प्रायश्चित्त जाहीरपणे घ्यावे लागे. पापी व्यक्तीची प्रायश्चित्त घेणाऱ्यांच्या गटात नोंद होई. त्याला ख्रिस्तप्रसादापासून दूर राहावे लागे आणि दीर्घकाळ उपवास, प्रार्थना व दानधर्म करावा लागे. रोममध्ये पवित्र आठवड्यातील गुरुवारी अशा व्यक्तींचा मंडळीशी समेट घडवून आणला जाई. ही संधी आयुष्यात एकदाच मिळत असे.

सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासीयांनी धर्मगुरूपुढे खासगीत आणि पुनःपुन्हा पापनिवेदन करण्याची पद्धत रूढ केली. ती हळूहळू साऱ्या युरोपात पसरली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक जाणत्या भाविकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असा नियम केला. सोळाव्या शतकातील ट्रेंट परिषदेने १५५१ साली या संस्काराची शिकवण सविस्तर मांडली आणि त्याच शतकात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी जाळीच्या पडद्याची पापनिवेदनाची पेटी प्रचारात आणली. गोव्यात ज्याला 'कुमसार' म्हणतात, तो संस्कार आपल्या पूर्वजांना याच स्वरूपात मिळाला.

डिसेंबर १९६४ मध्ये आपल्या मुंबईत येऊन गेलेले पोप सहावे पॉल यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी एका प्रेषितीय आदेशाद्वारे उपवासाचे नियम सुलभ केले. नियम कमी करण्यामागे हेतू असा होता की, भाविकाने सक्तीपेक्षा स्वेच्छेने व प्रेमाने तप करावे. १९७३ साली प्रायश्चित्त संस्काराचा नवा विधी प्रसिद्ध झाला आणि त्यात 'समेट' या अंगावर भर देण्यात आला. समेट देवाशी व्हावयाचा आहे, तसाच मंडळीशी आणि शेजाऱ्याशीही.

आपल्या गावठाणांतील क्रूस

उपनगरांच्या इतिहासात सामूहिक प्रायश्चित्ताची खूण उघड्यावर उभी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही वर्षे त्या साथीने शहरात आणि साष्टीच्या गावांत हाहाकार माजवला. त्या काळात वांद्रे, विलेपार्ले, अंधेरी, मरोळ, कुर्ला अशा परिसरांतील ईस्ट इंडियन वस्त्यांनी आपापल्या गल्लीत, नाक्यावर, विहिरीजवळ क्रूस उभारले. अनेक क्रुसांच्या चौथऱ्यांवर त्या काळातील सन आजही वाचता येतो. माणसे संध्याकाळी तेथे जमून जपमाळ म्हणत, लितानी गात आणि दयेची याचना करीत.

साथीचे दुःख या भूमीला नवे नव्हते. आज सीप्झच्या आवारात असलेले, १५७९ साली बांधलेले संत योहान बाप्तिस्ता यांचे चर्च १८४० मध्ये साथीमुळेच ओस पडले आणि ग्रामस्थ मरोळला स्थलांतरित झाले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. रोगराई म्हणजे आजारी माणसाच्या पापाची शिक्षा, असे ख्रिस्ती श्रद्धा मानत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून जे अठरा जण मरण पावले ते इतरांपेक्षा अधिक पापी नव्हते, असे प्रभू येशूने स्पष्ट सांगितले (लूक १३). मात्र त्याच प्रसंगी त्याने जिवंत असलेल्या सर्वांना वळण्याचे आवाहन केले. संकट हे शेजाऱ्याचा न्याय करण्याचे निमित्त नव्हे. ते स्वतःकडे पाहण्याचे निमित्त असते. ज्या क्रुसाभोवती एका गल्लीतील सर्व घरे एकत्र उभी राहत, तेथे आपापसांत अबोला धरून उभे राहणे कठीण होते. आज त्याच क्रुसांवर मे महिन्यात आपण फुले वाहतो. त्या चौथऱ्याभोवतीची किती घरे आज एकमेकांशी बोलतात, हा प्रश्न प्रत्येक गावठाणाने स्वतःला विचारावा.

शिस्तीची तीन अंगे

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने दान, प्रार्थना आणि उपवास ही तीन अंगे सांगितली आहेत व तिन्ही गुप्तपणे करावीत अशी सूचना दिली आहे. प्रार्थनेने देवाशी, उपवासाने स्वतःशी आणि दानाने शेजाऱ्याशी असलेले नाते सावरते. एक अंग सोडले की उरलेली दोन लंगडी होतात.

उपवासाविषयीचे ख्रिस्तसभेचे सार्वत्रिक नियम थोडक्यात असे आहेत :

१. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपवासाचे व मांसवर्जनाचे दिवस आहेत. उपवास म्हणजे दिवसातून एकच पूर्ण जेवण. इतर दोन वेळा अल्प आहार घेता येतो.

२. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत उपवासाचे बंधन आहे. मांसवर्जनाचा नियम वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना लागू होतो.

३. वर्षातील सर्व शुक्रवार हे प्रायश्चित्ताचे दिवस आहेत. मांसवर्जनाऐवजी इतर तप, दानधर्म वा भक्तिकृत्ये ठरवून देण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या बिशप परिषदेला आहे.

४. आजारी व्यक्ती, गरोदर व स्तनदा माता यांनी प्रकृतीस अपाय होईल असा उपवास करू नये. मधुमेहाच्या रुग्णांनी औषध आणि जेवणाची वेळ पाळावी व उपवासाऐवजी दुसरे तप निवडावे.

मासे नियमात बसतात, हे खरे. परंतु शुक्रवारी मटण टाळून पापलेट आणि कोलंबीचा बेत आखला, तर नियम पाळला जातो आणि उपवास मात्र राहून जातो. महागड्या मासळीऐवजी साधी डाळभाजी खाल्ली आणि वाचलेली रक्कम गरजूच्या हाती गेली, तरच उपवासाला दानाची जोड मिळते. उपवासाने वाचलेले पैसे आपल्याच घरात राहिले, तर ती बचत होय.

प्रायश्चित्त संस्काराचे स्वरूप

या संस्कारात पश्चात्तापी व्यक्तीची तीन कृत्ये आणि धर्मगुरूचे एक कृत्य असते : पश्चात्ताप, पापनिवेदन, पापक्षालन आणि पापविमोचन.

पश्चात्ताप देवाच्या प्रेमामुळे झाला तर तो परिपूर्ण होय. शिक्षेच्या भीतीने वा पापाच्या किळसेने झाला तर तो अपूर्ण असतो, परंतु देव त्यालाही आरंभ म्हणून स्वीकारतो. पापनिवेदनात सर्व गंभीर पापे सांगणे आवश्यक असते. धर्मगुरूवर गुप्ततेचे बंधन अभंग आहे. कोणत्याही कारणासाठी, कोणाच्याही दबावाखाली ते मोडता येत नाही. गंभीर पापांचे निवेदन वर्षातून किमान एकदा करावे असा नियम आहे. परंतु जखम झाल्यावर कोणी वर्षभर थांबत नाही, हे ध्यानी घ्यावे.

संस्कार मिळणेच अशक्य झाले तर काय करावे, हा प्रश्न २०२० साली आपल्यापुढे प्रत्यक्ष उभा राहिला. त्या वर्षीच्या प्रायश्चित्तकाळात कोरोनाच्या साथीमुळे चर्चची दारे बंद झाली आणि पास्काचा सण आपण घरातच साजरा केला. तेव्हा दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २० मार्च २०२० रोजीच्या प्रवचनात ख्रिस्तसभेच्या जुन्या शिकवणीची आठवण करून दिली. धर्मगुरू उपलब्ध नसल्यास थेट देवाशी बोलावे, मनापासून पश्चात्ताप करावा आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा निश्चय धरावा.

भरपाई : विसरलेले अंग

पापविमोचनापूर्वी धर्मगुरू एखादी प्रार्थना किंवा कृत्य प्रायश्चित्त म्हणून सांगतात. तीन 'नमो मरिया' म्हटल्या की हिशेब मिटला, असा समज त्यामुळे पसरला आहे. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या १४५९ व्या परिच्छेदाचा आशय असा : पापविमोचनाने पाप दूर होते, परंतु पापाने केलेले नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेली वस्तू परत करावी, बदनामी केलेल्याचे नाव सावरावे, इजा झालेल्यास भरपाई द्यावी. साधा न्यायच हे मागतो.

जक्कयाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो (लूक १९). तो झाडावर चढला हे मुलांना आठवते. झाडावरून उतरल्यावर त्याने केलेला व्यवहार मोठ्यांनी आठवावा. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट, असा आकडाच त्याने जाहीर केला. डोंगरावरील प्रवचनातही प्रभूने वेदीपाशी आलेल्या माणसाला अर्पण तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करण्यास पाठवले आहे (मत्तय ५).

आमच्याच घरातील एक गोष्ट येथे सांगणे आम्हांस प्राप्त आहे. वडिलांच्या निधनानंतर आमच्या गावठाणातील घराची वाटणी झाली. आम्ही धर्मगुरू, म्हणून आमचा हिस्सा भावांसाठी सोडून दिला आणि मनोमन स्वतःवर संतुष्ट झालो. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, थोरल्या बहिणीकडूनही हक्कसोडपत्रावर सही घेण्यात आली. तिला कोणी धमकावले नाही, पण कोणी विचारलेही नाही. तिच्या लग्नात खर्च झाला होता, एवढे कारण सर्वांना पुरेसे वाटले. ती तेव्हा भाड्याच्या खोलीत राहत होती, हे आम्हांस ठाऊक होते. तरी आम्ही गप्प राहिलो.

त्यानंतरची अनेक वर्षे आम्ही नियमाने पापनिवेदन केले. रागाची, आळसाची, प्रार्थनेतील व्यग्रतेची कबुली दिली. ते मौन मात्र पाप म्हणून एकदाही आठवले नाही. एका प्रायश्चित्तकाळात जक्कयावरील प्रवचन लिहीत असताना ते आठवले आणि प्रवचन तेथेच थांबले. आम्ही बहिणीकडे गेलो. ती म्हणाली, "फादर, तू दरवर्षी बाबांच्या नावाने मिस्सा म्हणतोस. त्या दिवशी 'हिलाही विचारा' एवढं म्हणाला असतास, तरी मला पुरलं असतं."

नोंदणी झालेला दस्त सहजासहजी फिरत नाही. एका भावाने हप्त्याहप्त्याने तिला रक्कम दिली, आम्ही आमच्या बचतीतून भर घातली. दुसऱ्या भावाला अजूनही हे पटलेले नाही. भरपाई अपुरीच राहिली आहे. पण आता आम्ही बहिणीच्या घरी जेवायला बसतो तेव्हा मान खाली घालावी लागत नाही.

वाचकांच्या माहितीसाठी सांगतो की, मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो आणि त्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा समान आहे. गावठाणांतील जुन्या घरांना पुनर्विकासामुळे मोठी किंमत आली आहे. त्यामुळे ज्या सह्या पूर्वी संकोचाने दिल्या गेल्या, त्यांचा हिशेब आज अनेक घरांच्या मनात सलत आहे. मनापासून आणि समजून दिलेले दान पवित्र असते. संकोचाचा फायदा घेऊन मिळवलेली सही तशी नसते.

घरकाम करणाऱ्या बाईचे थकवलेले पैसे हेही देणेच आहे. टाळेबंदीत तिला कामावर येऊ दिले नाही आणि पगारही दिला नाही, असे ज्या घरांत घडले त्यांनी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचावा. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर एखाद्याविषयी खोटी माहिती पाठवली असेल, तर ती पुसून टाकणे पुरेसे नाही. ज्या गटात बदनामी केली त्याच गटात चूक कबूल केली पाहिजे.

भरपाईविषयी नीतिशास्त्राची शिकवण अशी आहे :

१. देणे ज्याचे असेल त्यालाच परत करावे. तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्यावे.

२. ती व्यक्ती शोधूनही सापडत नसेल तर तेवढी रक्कम गरिबांसाठी वा सत्कार्यासाठी द्यावी.

३. स्वतःचे नाव उघड करणे आवश्यक नसते. विश्वासू मध्यस्थामार्फत परतफेड करता येते.

४. ऐपत नसेल तर बंधन स्थगित होते, रद्द होत नाही. जमेल तसे थोडेथोडे द्यावे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भरपाई हे अपराध करणाऱ्याचे कर्तव्य आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यावर समेटाची सक्ती करू नये. मारहाण करणाऱ्या पतीकडे पत्नीने 'क्षमा' म्हणून परत जावे, असा सल्ला देणे चुकीचे आहे. क्षमा अंतःकरणात देता येते, त्यासाठी पुन्हा धोक्यात जाण्याची गरज नसते.

ख्रिस्तसभेचे स्वतःचे प्रायश्चित्त

प्रायश्चित्त फक्त प्रापंचिकांनी घ्यावयाचे नाही. १२ मार्च २००० रोजी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या पुत्रकन्यांनी इतिहासात केलेल्या पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. इतर धर्मांच्या व संस्कृतींच्या लोकांचा अवमान हाही त्या क्षमायाचनेचा एक विषय होता. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यापाशी उभे राहिले म्हणजे हा विषय आपल्याला दूरचा वाटत नाही. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी त्या शैव लेण्याचे चर्च केले. आज ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. शेजारच्या हिंदू बांधवांशी आदराने वागणे ही आपल्या बाजूने करावयाची छोटी भरपाई होय.

२० ऑगस्ट २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या शोषणाबद्दल साऱ्या देवप्रजेला पत्र लिहून उपवास व प्रार्थनेचे आवाहन केले. त्याही बाबतीत पीडितांचे ऐकून घेणे, दोषींना पाठीशी न घालणे आणि बालकांना सुरक्षित ठेवणे, याशिवाय उपवास पूर्ण होत नाही. आम्हां धर्मगुरूंना हे सर्वांत आधी लागू आहे.

चाळीस दिवसांसाठी एक सोपा क्रम

पहिल्या आठवड्यात रोज रात्री दहा मिनिटे शांत बसून विवेकाची तपासणी करावी व एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : माझ्यामुळे कोणाचे नुकसान झाले, कोणाशी अबोला आहे, कोणाचे काय देणे आहे. दुसऱ्या आठवड्यात गर्दी होण्यापूर्वीच पापनिवेदन करावे आणि त्या कागदाविषयी धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात त्यातील एक देणे फेडण्यास आरंभ करावा. पाचव्या आठवड्यात अबोला असलेल्या एका घरी जावे. दार उघडले नाही तरी आपण गेलो होतो, हे देवाला ठाऊक असेल. पवित्र आठवड्यात तो कागद क्रूसापुढे ठेवून उरलेल्या गोष्टींसाठी बळ मागावे.

सर्व देणी एका प्रायश्चित्तकाळात फिटत नाहीत. आमचीही फिटलेली नाहीत. परंतु पुढील राखेच्या बुधवारी स्थानकावर कोणी विचारलेच, तर "आम्ही परत वळलो आहोत" असे सांगता यावे आणि ते खरे असावे, एवढीच आमची आपणां सर्वांसाठी प्रार्थना आहे. दयाळू पिता आपल्या या प्रवासाला आशीर्वाद देवो.